एसीपीच्या टेबलावर फाइल का नसते?

‘सीआयडी’मधलं दार तुटायला फार वेळ लागत नाही. दयानं तोडलं की आत कोणीतरी सापडतंच. मग संशयिताच्या कानाखाली एक बसते, तो रडत रडत सगळं ओकतो आणि एसीपी प्रद्युम्न हवेत बोटं फिरवत त्याला शिक्षासुद्धा सुनावून टाकतात. न्यायाधीश नाही, वकील नाही, उलटतपासणी नाही. जानेवारी १९९८मध्ये सोनीवर सुरू झालेली ही मालिका २०१८च्या ऑक्टोबरात थांबली तेव्हा तिचे दीड हजारांहून जास्त भाग झाले होते. डिसेंबर २०२४मध्ये ती परतही आली. आपल्यापैकी बहुतेकांनी पोलीस आधी या मालिकेत पाहिले आणि मग कधीतरी पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनसाठी चौकीत गेल्यावर प्रत्यक्षात.

मला तिची टिंगल करायची नाही. ती मीम्सनी पुरेशी करून झाली आहे, आणि त्या टिंगलीत प्रेमही आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. संघटित गुन्हेगारीविरुद्ध महाराष्ट्राचा १९९९चा जो खास कायदा आहे, ज्याला अख्खं पुणे ‘मोक्का’ म्हणतं, त्यात एक अट आहे. या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा. आयुक्तालय असलेल्या शहरात या दर्जाचा अधिकारी म्हणजे सहायक पोलीस आयुक्त. म्हणजे एसीपी. कायद्यानं टोळीचा तपास ज्या खुर्चीवर सोपवलाय, त्याच खुर्चीतला माणूस वीस वर्षं आपल्या घरात रोज येत होता. आणि त्याच्या टेबलावर फाइल नव्हती.

हा लेख त्या न दिसलेल्या फाइलबद्दल आहे. ती पडद्यावर का येत नाही, तिच्या जागी काय येतं, आणि त्याची किंमत पुण्यासारख्या शहरात कोण मोजतं, याबद्दल.

एक खून, एक खुनी

आपल्याकडे रहस्यकथेची परंपरा कमी नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर कादंबऱ्या लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही नावं आपल्या आजोबांना पाठ होती. पुण्यातच राहून सुहास शिरवळकरांनी मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद उभे केले. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला ‘पोलीस टाइम्स’ लटकलेला असायचा. आणि ‘सीआयडी’च्या आधी दूरदर्शनवर मराठीत ‘एक शून्य शून्य’ होती. दिग्दर्शक बी. पी. सिंगच, इन्स्पेक्टर शिवाजी साटमच. हे बी. पी. सिंग लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एफटीआयआयमध्ये शिकलेले आणि २०१८ साली त्याच संस्थेच्या सोसायटीचे अध्यक्ष झालेले. म्हणजे देशभर गाजलेल्या या दारतोडीचं एक मूळ आपल्याच शहरात आहे.

पण या सगळ्या परंपरेचा साचा एकच. एक प्रेत, काही संशयित, एक हुशार माणूस, एक उलगडा. २०२०मध्ये ‘देवमाणूस’ घराघरांत पाहिली गेली तीसुद्धा याच साच्यातली. गावात एक डॉक्टर आहे, सगळे त्याला देव म्हणतात, आणि तो एकेकाला संपवतोय. खुनी एकटा असला की गोष्ट सोपी होते. तो सापडला की गाव पुन्हा स्वच्छ.

टोळीची गोष्ट या साच्यात बसत नाही, कारण टोळीच्या बहुतेक गुन्ह्यांत प्रेतच नसतं. समजा तुमच्या काकांनी वीस वर्षांपूर्वी वाघोलीकडे दोन गुंठे घेऊन ठेवलेत. एक दिवस तिथे पत्र्याचं कंपाउंड उभं राहतं आणि आत दोन पोरं खुर्च्या टाकून बसतात. पुण्यात याला ‘ताबा मारणे’ म्हणतात. काका जातात, पोरं त्यांना पाणी विचारतात, ‘काका, बसा की’ म्हणतात. आठ दिवसांनी कुणीतरी मध्यस्थ भेटतो आणि बाजारभावाच्या निम्म्या किमतीत मिटवून टाकायला सांगतो. काका सही करतात. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तक्रार नाही, गुन्हा नाही, तपास नाही. ती दोन पोरं खुर्चीत निवांत बसू शकली, कारण दहा वर्षांपूर्वी कुठल्या तरी चौकात कोयत्यानं काहीतरी घडलं होतं आणि ते सगळ्यांच्या लक्षात आहे. टोळी त्या एका आठवणीच्या व्याजावर जगते.

आता या गोष्टीत दया कुठलं दार तोडणार?

वेलणकरचे हात

हा पेच ज्यांना आधीच कळला होता, त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी एक सिनेमा केला. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मराठी कथा, तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, १९८३ सालचा ‘अर्ध सत्य’. ओम पुरींचा सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर आणि सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी. तुम्ही पाहिला नसेल तर आज रात्रीच शोधा.

वेलणकरकडे सगळं आहे: वर्दी, राग, अंगात ताकद. रामा शेट्टीकडे एकच गोष्ट आहे. त्याच्यापर्यंत जाणारा प्रत्येक रस्ता मधेच कुठेतरी एका फोनवर संपतो. पकडलेली माणसं सोडावी लागतात, केलेल्या कामाचं श्रेय दुसऱ्याला जातं. आणि मग वेलणकर काय करतो? कोठडीतल्या एका भुरट्या चोराला मरेपर्यंत मारतो. ज्याच्यावर हात टाकायचा होता त्याच्यावर टाकता आला नाही, म्हणून जो हाताला लागला त्याच्यावर. पुढे स्वतःला वाचवायला त्याला रामा शेट्टीच्याच दारात उभं राहावं लागतं.

‘अर्ध सत्य’नं जे ओळखलं ते पुढच्या पोलीसपटांनी विसरायचं ठरवलं. पोलिसाची मारहाण हे टोळीवरचं औषध नाही. पोलीस टोळीपुढे हतबल असतो तिथे ती सुरू होते आणि कायम दुबळ्याच्याच पाठीवर उतरते. ‘सीआयडी’तली कानाखाली विनोदी वाटते, कारण तिथे पटकथाकारानं आधीच ठरवलेलं असतं की समोरचा दोषी आहे. खऱ्या कोठडीत पटकथाकार नसतो. २००४च्या ‘अब तक छप्पन’पर्यंत येता येता तर आपण एन्काउंटरच्या आकड्यालाच सिनेमाचं नाव देऊ लागलो. नाना पाटेकरांचा साधू आगाशे अप्रतिम आहे, पण टोळी कशी मोडते या प्रश्नाचं त्याच्याकडचं उत्तर वेलणकरच्या हातांपेक्षा फार पुढे गेलेलं नाही. हाताच्या जागी पिस्तूल आलं, एवढंच.

मोक्का नावाची पटकथा

गंमत अशी की या काळात प्रत्यक्ष व्यवस्थेनं वेगळं उत्तर शोधलं होतं, आणि ते पडद्यासाठी कुठल्याही पाठलागापेक्षा जास्त नाट्यमय आहे. नव्वदच्या दशकात मुंबईत टोळीयुद्धं आणि खंडण्यांनी कहर केला होता. १९९५मध्ये टाडाची मुदत संपली होती. १९९९मध्ये महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा आला.

त्याची रचना एखाद्या मालिकेच्या सीझनसारखी बघा. पोलिसाला आधी सिद्ध करावं लागतं की हा एकट्याचा गुन्हा नसून टोळीचा आहे. त्यासाठी मागच्या दहा वर्षांतली एकाहून जास्त दोषारोपपत्रं हवीत, कोर्टानं दखल घेतलेली, तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांची. म्हणजे नायकानं पहिले दोन भाग रेकॉर्ड रूममध्ये घालवायचे. कोणत्या ठाण्यात, कोणत्या साली, कोणासोबत, कोणता गुन्हा. मग वरिष्ठांची पूर्वपरवानगी. ती उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची, म्हणजे शहरात अपर आयुक्तांची. ती मिळाल्याशिवाय मोक्का लावता येत नाही. फोन ऐकायचा तर गृह खात्याकडून परवानगी, तीही एका वेळी ६० दिवसांची. दोषारोपपत्रासाठी ९० दिवसांऐवजी १८० दिवस मिळू शकतात. खटला सुरू होण्याआधी आणखी वरच्या पातळीची मंजुरी. जामिनासाठी आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे आणि बाहेर येऊन तो पुन्हा गुन्हा करणार नाही, याबद्दल कोर्टाची खात्री पटावी लागते.

आणि सगळ्यात धारदार तरतूद: पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब एरवी आपल्या कोर्टात पुरावा होत नाही. मोक्कात होतो, जर तो अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानं नोंदवला असेल तर. यासाठीच या कायद्यावर सतत आक्षेप घेतले गेलेत आणि ते घेतलेच पाहिजेत. कारण ‘अर्ध सत्य’मधली कोठडी आठवा आणि मग विचार करा की त्या कोठडीतून बाहेर आलेला कागद पुरावा ठरला तर काय होईल. हा कायदा एकाच वेळी पोलिसांना मारहाणीपासून दूर, कागदाकडे खेचतो आणि त्याच कागदात मारहाणीचा मोहही ठेवतो. याहून मोठं नैतिक नाट्य लेखकाला कुठे मिळणार? जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेतही संघटित गुन्हेगारीचं वेगळं कलम आलंय, म्हणजे हा प्रश्न आता देशभराचा झाला.

बाहेरचं उदाहरण द्यायचं तर एचबीओची ‘द वायर’. २००२ ते २००८, पाच सीझन, साठ भाग. बाल्टिमोर शहरात पत्रकारिता केलेला डेव्हिड सायमन आणि त्याच शहरात पोलीस राहिलेला एड बर्न्स यांनी मिळून लिहिलेली. तिच्या पहिल्या सीझनमध्ये पोलीस बराच काळ फक्त फोन ऐकण्याची परवानगी मिळवण्यासाठी धडपडतात. तळघरातल्या पडक्या ऑफिसात बसून नंबर लिहितात. पेजरचा कोड उलगडतात. पहिल्या दोन भागांत कंटाळा येतो, हे मान्य. तिसऱ्या-चौथ्या भागात लक्षात येतं की आपण स्वतःच तपास करायला लागलोय. पोलिसाला गुन्हेगार कळतो तेव्हा आपल्याला शहर कळतं: गोदीतलं काम, नगरपालिका, शाळा, वर्तमानपत्र. प्रत्येक सीझनला एक नवी संस्था. नायक कोण, हे साठ भागांनंतरही सांगता येत नाही. शहरच असावं.

आपल्याकडे पोलीस ठाण्यात ‘रायटर’ नावाचा माणूस असतो. साहेबांच्या तपासाचे कागद लिहिणारा, पंचनाम्याची भाषा तोंडपाठ असलेला, कुठल्या जबाबात कोणता शब्द राहिला तर कोर्टात केस पडेल हे ओळखणारा. टोळीविरुद्धच्या लढाईतला हा महत्त्वाचा सैनिक आहे. त्याचं नावच रायटर आहे, तरी आमच्या एकाही रायटरला तो सापडू नये?

काटेकर, आणि कचऱ्याचा डोंगर

सापडला होता, जवळपास. जुलै २०१८मध्ये नेटफ्लिक्सवर ‘सेक्रेड गेम्स’ आली तेव्हा माझ्या ओळखीतल्या पोरांमध्ये गायतोंडेच्या डायलॉगांची साथ आली होती. मला मात्र लक्षात राहिला तो जितेंद्र जोशींचा हवालदार काटेकर. पुण्याचा हा नट हिंदी बोलतो तेव्हा त्या हिंदीखाली मराठी ऐकू येते. काटेकर शूर नाही, फार तत्त्वनिष्ठही नाही. त्याला छोटं घर आहे, बायको आहे, पोरं आहेत. शालिनीचं काम नेहा शितोळेंनी केलंय. ती त्याला वस्तीतल्या एका बाईचं हरवलेलं पोर शोधायला सांगते आणि तो टाळतो, कारण असल्या कामाला वर कुणी विचारत नाही. मालिकेतलं सगळ्यात खरं पोलीसपण या टाळण्यात आहे.

आणखी दोन गोष्टी ‘सेक्रेड गेम्स’नं बरोबर पकडल्या. एक, गायतोंडेचं साम्राज्य सोन्यानं सुरू होत नाही, कचऱ्यानं सुरू होतं. कचरा टाकायची जागा ताब्यात घ्यायची, त्या जागेवर वस्ती वसवायची, वस्तीतून मतं, मतांतून नेता. गिरीश कुलकर्णींचा भोसले त्या मतांसाठीच येतो. टोळी म्हणजे नेमकं काय, याचं इतकं स्वच्छ चित्र आपल्या पडद्यावर क्वचित आलंय. दोन, सरताजचा जबाब. एका नि:शस्त्र पोराच्या बनावट चकमकीबद्दल चौकशीत खरं सांगायचं की वरिष्ठाला वाचवायचं, हा पेच पहिल्या पर्वाच्या मध्यावर आहे. तिथे पिस्तूल नाही. टेबल आहे, खुर्ची आहे, आणि सही करायचा कागद आहे. सैफ अली खानचं त्या मालिकेतलं उत्तम काम तिथलं आहे.

मग मालिकेनं काय केलं? पहिल्या पर्वातच काटेकरला मारलं आणि कचऱ्याचा डोंगर सोडून अणुबॉम्बकडे गेली. ऑगस्ट २०१९च्या दुसऱ्या पर्वात आपण केनियात आहोत, आश्रमात आहोत, कलियुगाच्या शेवटाशी आहोत. काही भागांना पुराणातली नावं आहेत. विक्रम चंद्रांच्या कादंबरीतही हा सगळा पट आहे, हे खरं. पण पडद्यावर त्याचा परिणाम असा झाला की टोळी ही माणसांनी जमवलेली, कागदांवर आणि मतांवर उभी असलेली गोष्ट राहिली नाही. ती नियती झाली. आणि नियतीविरुद्ध कोणता एसीपी मोक्काचा प्रस्ताव पाठवणार? जे माणसांनी बांधलंय ते माणसांना मोडता येतं. ते अटळ आहे असं सांगितलं की प्रेक्षक म्हणून आपलं काम फक्त थक्क होणं उरतं. काटेकर जगला असता तर मालिका कचऱ्याजवळ राहिली असती, असं मला अजूनही वाटतं.

मुळशीतून निघालेला, ‘अंतिम’पर्यंत पोचलेला

२०१८च्याच नोव्हेंबरमध्ये ‘मुळशी पॅटर्न’ आला. प्रवीण तरडे मुळशीचेच. ही मालिका नाही, सिनेमा आहे, पण पुण्याच्या टोळीची गोष्ट म्हटलं की त्याला वळसा घालून जाता येत नाही. मोहन जोशींनी उभा केलेला बाप जमीन विकून बसलाय, एकेकाळचा गावातला मानाचा माणूस शहरात हमाली करतो, आणि ओम भूतकरचा राहुल हे बघत मोठा होतो. हिंजवडीत आयटी पार्क उभा राहिला, आसपासच्या टेकड्यांवर टाउनशिप आल्या, तेव्हा ज्यांच्या सातबाऱ्यावरून नावं गेली त्यांच्या पोरांचं काय झालं, हा प्रश्न या सिनेमानं थेट विचारला. त्यासाठी त्याला शंभर चुका माफ.

उपेंद्र लिमयेंचा इन्स्पेक्टर इथे आहे, दमदार आहे, पण गोष्ट त्याची नाही. तो राहुलच्या मागे आहे आणि आपण राहुलच्या सोबत. बरोबर तीन वर्षांनी महेश मांजरेकरांनी हिंदीत ‘अंतिम’ केला तेव्हा इन्स्पेक्टरच्या वर्दीत सलमान खान आला. आता सलमान खान आला म्हटल्यावर गोष्ट कुणाची होणार? गुन्हेगार विरुद्ध पोलीस. मातीचा प्रश्न अंगाखांद्याच्या प्रश्नात बदलला. एकच कथा, एकच शहर, पण नायकाची खुर्ची फिरवली की प्रश्नच बदलतो. ‘ही जमीन कोणी विकत घेतली?’च्या जागी ‘याला कोण आडवा पाडणार?’ येतो.

मूळ मराठी सिनेमालाही एक प्रश्न विचारायलाच हवा. विकणारा बाप आपल्याला दिसतो, बिघडलेला मुलगा दिसतो. विकत घेणारा मात्र त्या दोघांइतक्या जवळून दिसत नाही. साठेखत कोणी लिहिलं, कुळमुखत्यारपत्रावर कोणाचं नाव होतं, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात त्या दिवशी कोण बसलं होतं, एनए कोणी केलं? शोकांतिकेला बाप आणि मुलगा पुरतात. टोळी समजून घ्यायला हा तिसरा माणूस लागतो, आणि त्याच्या हातात कोयता नसून पेन असतो. पेन धरलेल्या माणसाचा क्लोजअप घेताना कॅमेरा दरवेळी का कचरतो?

म्हणूनच सिनेमाचं पुढे जे झालं ते झालं. तरड्यांनी रडगाणं लिहिलं होतं, पोरांनी त्याचं स्टेटस केलं. शेतकरी बाप कापून टाकला आणि भाईची एन्ट्री ठेवली. पंधरा सेकंदांत बाप मावत नाही, चाल मावते. सिनेमातलं गाणं मिरवणुकांमध्ये डीजेवर वाजलं. याचा दोष एकट्या दिग्दर्शकाला देणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. पण ज्या गोष्टीचा कणा हिशोब असतो ती कापून रील करता येत नाही, आणि जिचा कणा आवेश असतो तिचं रीलच होतं, एवढं लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

धिंडीचा कॅमेरा

यानंतर पडदा आणि रस्ता यांतला फरक मिटत गेला. फेब्रुवारी २०२१मध्ये खुनाच्या खटल्यातून सुटलेला पुण्यातला एक टोळीप्रमुख तळोजा कारागृहातून बाहेर पडला आणि द्रुतगती मार्गावरून शेकडो गाड्यांचा ताफा निघाला. ड्रोननं शूटिंग झालं. ५ जानेवारी २०२४ला कोथरूडच्या सुतारदऱ्यात दुसऱ्या एका टोळीप्रमुखाचा भरदिवसा गोळ्या घालून खून झाला आणि आरोप ठेवले गेले ते त्याच्यासोबत वावरणाऱ्यांवरच. मी नावं मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ती माहीत आहेत, आणि आणखी एकदा लिहिणं म्हणजे आणखी एक व्ह्यू.

त्या खुनानंतर महिन्याभरात नवे पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी शहरातल्या टोळ्यांच्या दोनशेहून जास्त माणसांना आयुक्तालयात बोलावून रांगेत उभं केलं आणि बजावलं: गुन्हेगारी थांबवा, आणि सोशल मीडियावर रील टाकू नका. रीलचा उल्लेख शहराच्या पोलीस आयुक्तांना करावा लागतो, यातच सगळं आलं. पण त्या परेडचेही व्हिडिओ निघाले आणि ते आपण सगळ्यांनी पाहिले. तसंच धिंडीचं. गाड्या फोडणाऱ्या, कोयते नाचवणाऱ्या पोरांना त्यांच्याच वस्तीतून चालवत नेतात, कुणी लंगडत असतो, कुणी हात जोडत असतो, मागे संगीत टाकलेलं असतं. खाली कमेंटा: ‘एक नंबर साहेब’.

मला लोकांचा राग कळतो. रात्री गल्लीत ज्याची गाडी फुटली, ज्याच्या दुकानात हप्त्याला माणूस आला, त्याला धिंड बघून बरं वाटणारच. पण टीकाकार म्हणून मला त्या व्हिडिओत ‘सीआयडी’चा शेवटचा सीन दिसतो. दार तुटलं, कानाखाली बसली, शिक्षा सुनावून झाली. फाइल कुठाय? कायद्यात धिंड नावाची शिक्षा नाही. आणि ज्या पोराची धिंड निघते तो सहसा खुर्चीत बसवलेल्या दोन पोरांपैकी असतो. पत्र्याचं कंपाउंड ज्याच्यासाठी उभं राहिलं त्याची धिंड निघाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. वेलणकर आणि भुरटा चोर, पुन्हा तेच दोघं.

भाषेतही बघा. ‘तडीपार’ हा शब्द खरं तर लाजेचा. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर काढतात. आता तो बायोमध्ये लिहितात. ‘मोक्का लागला’ हे वाक्य डिग्री मिळाल्यासारखं म्हटलं जातं. बातम्यांमध्येही या वर्षी इतके मोक्के लागले असा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा येतो. किती टिकले, किती खटले उभे राहिले, किती जणांना शिक्षा लागली, हे त्याच ठळकपणे कधी येतं? लावणं हा ट्रेलर आहे. सिनेमा कोर्टात असतो, आणि तो पाहायला कोणी जात नाही.

फितूर

१९८६ साली जोशी-अभ्यंकर खून खटल्यावर बेतलेला एक मराठी सिनेमा आला होता. तोही पुण्याचाच विषय. भयानक खुनांवरच्या त्या सिनेमाचं नाव कोर्टातल्या एका संज्ञेवरून ठेवलं होतं: ‘माफीचा साक्षीदार’. ज्या खुनांनी शहर संध्याकाळी दारं लावून बसायला लागलं होतं, त्यांचा निकाल लागण्यात माफीच्या साक्षीदाराचा वाटा मोठा होता, हे त्या नावाला माहीत होतं. पुण्याच्या टोळ्यांवर आज मालिका लिहायची तर मी ‘फितूर’ असं नाव सुचवेन.

फितूर हा शब्द आपण इतिहासाच्या पुस्तकात शिकतो, गद्दार अशा अर्थानं. कोर्टात तो साक्षीदारासाठी वापरतात. पोलिसांना दिलेला जबाब कोर्टात फिरवला की साक्षीदार फितूर झाला. शब्दातच निकाल लावून टाकलाय: दोष त्याचा. पण तो कोण असतो? चौकातला वडापाववाला. मोबाइल रिचार्जच्या दुकानातला पोरगा. क्लासवरून परत येणारी मुलगी, जिनं बाल्कनीतून पाहिलं. घटनेच्या रात्री तिनं खरं सांगितलं. मग महिने गेले, आरोपी जामिनावर आला, आणि तो त्याच गल्लीत राहतो. तिच्या बापाला कुणी दम दिला नाही. फक्त रोज सकाळी कुणीतरी ‘काका, सगळं ठीक ना?’ असं विचारतं. तीन वर्षांनी समन्स येतं. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात ती उभी आहे, वकील विचारतो, तुम्ही काय पाहिलंत?

माझ्या मते संघटित गुन्हेगारीची अख्खी गोष्ट या प्रश्नानंतरच्या चार सेकंदांत आहे. टोळी जिंकते ती इथे. पोलीस हरतात ते इथे. तिच्यामागे ताकदीनं उभी राहू शकते ती फाइल: वेळेवर लिहिलेला नेमका जबाब, नीट केलेला पंचनामा, जपून ठेवलेलं फुटेज, तिच्या एकटीच्या शब्दावर सगळा भार पडू नये म्हणून गोळा केलेले दहा दुसरे पुरावे. तेच एसीपीचं काम आहे. त्यात दार तुटत नाही, पण ती मुलगी वाचते.

अशी मालिका चालेल का, असं कुणी विचारेल. कंटाळवाणी होईल म्हणतील. ज्या प्रेक्षकांनी सुनांच्या मालिकांमध्ये घराच्या वाटणीचे कागद आणि अंगठे आठशे भाग पाहिले, त्यांना सातबाऱ्यावरच्या एका नोंदीत थरार दिसणार नाही, हे मला पटत नाही. आपल्या घराघरांत जमिनीचा एक तरी दावा असतो. मृत्युपत्र, वारसनोंद, फेरफार हे शब्द आपल्याला शिकवावे लागत नाहीत. जगातल्या कुठल्याही प्रेक्षकापेक्षा मराठी प्रेक्षक ‘द वायर’साठी जास्त तयार आहे. फक्त त्याची वायर फोनची नसेल, मोजणीच्या साखळीची असेल.

तोवर आपल्या हातात एवढंच आहे. पुढच्या वेळी फोनवर धिंडीचा व्हिडिओ आला की लाइक करण्याआधी विचारायचं: या केसचं पुढे काय झालं? पंच कोण होते, साक्षीदार टिकला का, कंपाउंड कुणाचं होतं? हे प्रश्न विचारणारे प्रेक्षक तयार झाले, तर त्यांची उत्तरं देणारे रायटरही तयार होतील. ठाण्यातलेही आणि पडद्यावरचेही.